वाचकांचे प्रश्न : पी .०५ पेक्षा कमी आला, पुढे काय?

मानसशास्त्रातील संशोधनाची आकडेवारी कशी वाचावी आणि कशी लिहावी, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. पी म्हणजे, प्रत्यक्षात काहीच फरक नसता तर मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता; तो .०५ पेक्षा कमी आला की निष्कर्षाला ‘सार्थक’ म्हणण्याची रूढी आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करत आहे. श्वसनाच्या सरावाने परीक्षेची चिंता कमी होते का, हे मी प्रत्येकी ३० विद्यार्थ्यांच्या दोन गटांत तपासले. एसपीएसएस या संख्याशास्त्रीय संगणकप्रणालीच्या तक्त्यात एका ठिकाणी पी = .००० असे आले आहे. विभागातील जुन्या प्रबंधांत ‘टी मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक आहे’ एवढेच लिहिलेले दिसते. निष्कर्षांचे प्रकरण मी नेमके कसे लिहावे? (विद्यार्थिनी, नाशिक)

आधी .००० विषयी. पी कधीही शून्य नसतो. एसपीएसएस तीनच दशांश स्थळे दाखवते, म्हणून .०००५ पेक्षा लहान मूल्य तेथे .००० असे दिसते. आपण ‘पी < .००१’ असे लिहावे. बाकी सर्व ठिकाणी नेमके मूल्य द्यावे, म्हणजे ‘पी = .०३६’ किंवा ‘पी = .४१’. ‘०.०५ स्तरावर सार्थक’ ही लेखनपद्धत छापील तक्त्यांच्या काळातील आहे. रोनाल्ड फिशर यांचे संशोधकांसाठीचे संख्याशास्त्राचे पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षे नेमका पी हाताने काढणे जिकिरीचे होते, त्यामुळे पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या तक्त्यातील .०५ आणि .०१ च्या स्तंभांशी आपले टी मूल्य (गटांतील फरक त्याच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा) ताडून पाहणे हाच व्यवहार्य मार्ग होता. आज संगणक नेमके मूल्य देत असताना ते वाचकापासून लपवण्याचे काही कारण उरलेले नाही.

आपण आपले आकडे कळवलेले नाहीत, म्हणून उदाहरणापुरते काल्पनिक आकडे घेऊन एक वाक्य लिहून दाखवतो : ‘श्वसनाचा सराव केलेल्या गटाचे परीक्षा-चिंतेचे गुण (मध्यमान = २१.३, प्रमाण विचलन = ६.१) नियंत्रित गटाच्या गुणांपेक्षा (मध्यमान = २४.८, प्रमाण विचलन = ६.५) सरासरी ३.५ ने कमी होते, ९५% विश्वास अंतराल [०.२, ६.८], टी(५८) = २.१५, पी = .०३६, डी = ०.५६.’ येथे प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचे माप, विश्वास अंतराल म्हणजे या आकडेवारीशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा, ५८ ही स्वाधीनता मात्रा (एकूण ६० विद्यार्थी वजा दोन गट) आणि डी म्हणजे प्रमाण विचलनाच्या एककात मोजलेला फरक. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे एपीएच्या, प्रकाशन-नियमावलीला अनुसरून हे वाक्य रचले आहे. तिची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि आपल्याकडील बहुतेक मानसशास्त्र विभाग तीच प्रमाण मानतात. पी आणि सहसंबंध गुणक (दोन बाबी कितपत एकत्र बदलतात ते सांगणारा आकडा) यांचे मूल्य एकच्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून त्यांच्या दशांश चिन्हाआधी शून्य लिहीत नाहीत. डी मात्र एकच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून तेथे शून्य लिहितात.

या वाक्याचा क्रमही पाहावा. आधी गटांचे गुण आले, मग त्यांतील फरक, मग त्या फरकाभोवतीची अनिश्चितता आणि सर्वांत शेवटी चाचणीचे आकडे. वाचकाला चिंता कितीने कमी झाली हे जाणून घ्यायचे असते, टी किती आला हे नव्हे. त्यातील विश्वास अंतरालाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वरच्या उदाहरणात पी .०५ च्या आत आहे, म्हणजे रूढ भाषेत निष्कर्ष सार्थक आहे. पण अंतराल सांगतो की ही आकडेवारी ०.२ गुणांच्या नगण्य फरकाशीही जुळते आणि जवळपास सात गुणांच्या मोठ्या फरकाशीही जुळते. ज्या अभ्यासातून एवढेच कळले, त्याच्या चर्चेच्या प्रकरणात ‘श्वसनाचा सराव अत्यंत प्रभावी ठरला’ असे वाक्य येता कामा नये. डी = ०.५६ ला ‘मध्यम परिणाम’ असे नाव देऊन पुढे जाण्याची सवयही सोडावी. ०.२, ०.५ आणि ०.८ (लहान, मध्यम आणि मोठा परिणाम) या पायऱ्या सुचवणाऱ्या मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी स्वतःच, अधिक चांगला आधार हाताशी नसेल तेव्हाच त्या वापराव्यात, असे सांगितले होते. आपल्या मापनश्रेणीवर साडेतीन गुण कमी होणे म्हणजे विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्यात काय बदलणे, हे आपण लिहू शकलात तर ते कोणत्याही विशेषणापेक्षा मोलाचे ठरेल.

आणखी एक बाब. विद्यार्थी कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून किंवा तशाच यादृच्छिक पद्धतीने ठरले असेल, तरच ‘सरावामुळे चिंता कमी झाली’ असे लिहिता येईल. ज्यांना हौस होती त्यांचा एक गट आणि उरलेल्यांचा दुसरा, असे झाले असेल तर ‘सराव करणाऱ्या गटात चिंता कमी आढळली’ एवढेच म्हणता येते.

प्रश्न : माझ्या पीएच.डी.च्या मुख्य चाचणीत पी = .०६१ आला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले की, दोन टोकाचे प्रयुक्त (अभ्यासात भाग घेतलेल्या व्यक्ती) वगळले तर तो .०५ च्या खाली जाईल, नाहीतर आणखी पंधरा जणांची माहिती गोळा करावी. ‘निष्कर्ष सार्थकतेच्या जवळ पोहोचतो’ असे लिहिलेले चालेल का? (संशोधक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

‘पी = .०६१’ असे जसेच्या तसे लिहावे, त्यासोबत फरकाचे आकारमान आणि विश्वास अंतराल द्यावा आणि ‘जवळ पोहोचतो’ हे शब्द गाळावेत. पी हा कोठे प्रवासाला निघालेला नसतो. .०६१ आणि .०४९ यांत पुराव्याच्या दृष्टीने फारसा फरक नाही, आणि म्हणूनच .०४९ मिळवण्यासाठी केलेली धडपड व्यर्थ असते.

आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला घातक का आहे हे समजण्यासाठी पीचा अर्थ नेमका ध्यानात घ्यावा लागेल. प्रत्यक्षात काहीच फरक नाही, म्हणजे शून्य परिकल्पना खरी आहे, असे गृहीत धरले तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी. पी = .०४ याचा अर्थ ‘आपली परिकल्पना खरी असण्याची शक्यता ९६%’ असा होत नाही. हा गैरसमज केवळ विद्यार्थ्यांचा आहे असेही नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मन विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतील विद्यार्थी आणि प्राध्यापक यांना सार्थकतेविषयी सहा चुकीची विधाने देऊन ती खरी की खोटी ते विचारले गेले. संशोधनपद्धती शिकवणाऱ्यांपैकीही ८०% जणांनी त्यांतील किमान एक विधान खरे मानले.

या व्याख्येत एक अट दडलेली आहे. विश्लेषण कसे करायचे हे आकडे पाहण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. आकडे पाहून कोणाला वगळायचे, किती जण वाढवायचे, कोणता चल (मोजलेली बाब) निवडायचा हे ठरवू लागलो, की छापलेला पी त्याचा अर्थ गमावतो. २०११ मध्ये जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन यांनी हे फार प्रभावीपणे दाखवून दिले. प्रत्येक गटात दहा जणांपासून सुरुवात करून, दर गटामागे एकेक प्रयुक्त वाढवत प्रत्येक वेळी चाचणी केली आणि पी .०५ च्या खाली जाताच थांबले, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही ‘सार्थक’ निष्कर्ष २२% वेळा मिळतो, ५% वेळा नव्हे. अशा चार सवलती एकत्र घेतल्या तर ते प्रमाण ६०% च्या वर जाते. याच लेखात त्यांनी खऱ्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग दिला आहे, ज्यात बीटल्सचे एक गाणे ऐकणाऱ्यांचे वय दुसरी धून ऐकणाऱ्यांपेक्षा सुमारे दीड वर्षाने कमी ‘आढळले’. गाण्याने जन्मतारीख बदलत नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरीही लेखकांनी एकही आकडा खोटा लिहिलेला नव्हता. किती चल मोजले, मध्ये किती वेळा डोकावून पाहिले, कोणती तुलना गाळली, एवढेच आधी सांगितले नव्हते आणि नंतर त्याच लेखात सर्व उघड केले.

त्याच वर्षी डॅरिल बेम यांनी भविष्यातील घटनांची चाहूल माणसाला आधीच लागते असा दावा करणारे नऊ प्रयोग एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले होते आणि त्यांतील आठ रूढ निकषांवर सार्थक होते. पद्धतीबद्दलची अस्वस्थता त्यानंतर वाढतच गेली. २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या सामूहिक प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७% सार्थक होते, पुनरावृत्तींपैकी ३६% सार्थक निघाल्या आणि परिणामाचे आकारमान सरासरीने निम्म्यावर आले. यामागचे एक मोठे कारण फसवणूक नसून आपल्याला मिळाला तसाच, सद्हेतूने दिलेला सल्ला होता.

आता आपण काय करावे? टोकाचे प्रयुक्त वगळण्याचा नियम आराखड्यात आधीच लिहिलेला असेल तर तो पाळावा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये मांडलेले अंतर, जे आज जगभर अनेक चलांचा एकत्र विचार करून टोकाच्या नोंदी शोधण्यासाठी वापरले जाते, तेही एक साधनच आहे. कोणत्या मर्यादेपलीकडची नोंद वगळायची हे आपण आधी ठरवले नसेल, तर साधन कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही. नियम आधी ठरला नसेल तर सर्वांना धरून आलेला निष्कर्ष मुख्य म्हणून द्यावा आणि दोघांना वगळल्यावर काय येते तेही लगेच खाली सांगावे. माहिती वाढवायची असल्यास ‘पहिल्या विश्लेषणात पी = .०६१ आल्यानंतर आणखी पंधरा प्रयुक्त घेतले’ हे वाक्य प्रबंधात असलेच पाहिजे. पुढील अभ्यासासाठी मात्र परिकल्पना, नमुन्याची संख्या, वगळण्याचे नियम आणि मुख्य चाचणी हे सारे माहिती गोळा करण्यापूर्वी तारखेसह नोंदवून ठेवावे. ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर ही पूर्वनोंदणी विनामूल्य करता येते.

ज्यांच्या प्रबंधात वीस-वीस सहसंबंधांचा तक्ता आहे आणि त्यातील दोन-तीन आकड्यांवर सार्थकतेची खूण म्हणून तारका आहेत, त्यांनीही हे वाचावे. वीस स्वतंत्र चाचण्यांत प्रत्यक्षात काहीच संबंध नसताना निदान एक तारका मिळण्याची शक्यता सुमारे ६४% असते. तारका मिळालेल्या जोड्यांवरच चर्चा लिहिणे आणि उरलेल्या गाळणे हाही त्याच दोषाचा प्रकार आहे.

प्रश्न : ‘मोबाईलमुळे किशोरवयीन मुलांत नैराश्य, संशोधनातून सिद्ध’ अशी बातमी वाचली. हजारो मुलांचा अभ्यास होता आणि संबंध अत्यंत सार्थक असल्याचे म्हटले होते. माझी मुलगी दहावीत आहे. मी किती काळजी करावी? (पालक, ठाणे)

आपली काळजी रास्त आहे, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहे. त्या विशिष्ट अभ्यासाबद्दल मी मत देऊ शकत नाही, पण अशी बातमी वाचताना काय तपासावे हे सांगता येईल.

हजारो मुलांच्या नमुन्यात ‘अत्यंत सार्थक’ या शब्दांना फारसे वजन नसते. समजा, मोबाईलचा वापर आणि नैराश्याचे गुण यांतील सहसंबंध .१० आहे. ३० मुलांत एवढा सहसंबंध आला तर पी .६० च्या आसपास येतो आणि कोणी त्याची दखल घेत नाही. २००० मुलांत तोच .१० आला तर पी .००१ पेक्षाही कमी येतो. संबंध जराही बदललेला नाही, फक्त मुलांची संख्या वाढली आहे. सार्थकता आपल्याला सांगते ती इतकीच की, हा संबंध शून्य असता तर असे आकडे मिळणे कठीण होते. तो संबंध मोठा आहे असे ती कधीच सांगत नाही. .१० चा अर्थ व्यवहारात असा : गुणांचे वितरण नेहमीसारखे असेल, तर मोबाईल जास्त वापरणाऱ्या निम्म्या मुलांपैकी १०० मुले घेतल्यास त्यांतील सुमारे ५३ मुले नैराश्याच्या गुणांत वरच्या अर्ध्यात सापडतील आणि कमी वापरणाऱ्या १०० पैकी सुमारे ४७. फरक आहे, पण एखाद्या मुलीच्या हातात किती वेळ मोबाईल असतो एवढे पाहून तिच्या मनःस्थितीचा अंदाज बांधता येईल, इतका तो नाही.

या विषयावरील एक मोठे विश्लेषण ऑक्सफर्ड विद्यापीठातील एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिका आणि ब्रिटनमधील तीन सर्वेक्षणांतील ३,५५,३५८ किशोरांची माहिती त्यांनी घेतली आणि समर्थनीय वाटतील अशा हजारो निरनिराळ्या पद्धतींनी तिचे विश्लेषण करून पाहिले, जेणेकरून एकाच सोयीच्या पद्धतीवर निष्कर्ष टांगला जाऊ नये. डिजिटल साधनांचा वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांत ऋण संबंध (एक वाढले की दुसरे घटते असा) आढळला, परंतु मुलामुलांच्या स्वास्थ्यातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४% फरकच त्याने स्पष्ट होत होता. तुलनेसाठी त्यांनी त्याच सर्वेक्षणांतील इतर बाबीही पाहिल्या. नियमितपणे बटाटे खाण्याचा स्वास्थ्याशी असलेला संबंध जवळपास तितकाच ऋण होता आणि चष्मा वापरण्याचा त्याहूनही अधिक ऋण होता. लहान आकड्याला जोखण्यासाठी असा मापदंड देणे हे मला निष्कर्ष मांडण्याच्या कलेतील उत्तम उदाहरण वाटते, आणि आपल्याकडील संशोधकांनी ते जरूर गिरवावे.

‘मुळे’ हा प्रत्यय वेगळा तपासावा. एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावलीतून कारण ठरत नाही. उदास मूल मोबाईलकडे वळत असेल, किंवा अपुरी झोप, घरातील ताण, परीक्षेचे दडपण यांतून दोन्ही गोष्टी उद्भवत असतील. शिवाय मुलांनी स्वतः सांगितलेला वापराचा वेळ आणि फोनमध्ये नोंदला गेलेला वेळ यांत बरीच तफावत असते.

मात्र याचा उलटा अतिरेकही करू नये. सरासरी परिणाम लहान आहे म्हणून एखाद्या मुलाला गंभीर त्रास होतच नाही, असे ठरत नाही. सरासरीत ज्यांना काहीच फरक पडत नाही अशी मुले असतात आणि ज्यांना मोबाईलवरील छळाला तोंड द्यावे लागते अशीही असतात. आपल्या मुलीची झोप उडाली असेल, ती मैत्रिणींपासून तुटली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत तिचे मन रमत नसेल, तर कोणत्याही अभ्यासाची वाट न पाहता तिच्याशी बोलावे आणि समुपदेशकांची मदत घ्यावी. तसे काही नसेल, तर बातमीतल्या ‘सिद्ध’ या शब्दामुळे घरात भांडण होऊ देऊ नये.

प्रश्न : माझ्या अभ्यासात मुलींच्या गटात आत्मसन्मान आणि शैक्षणिक संपादन यांत सार्थक सहसंबंध आला, मुलांच्या गटात आला नाही. यावरून लिंगभेद आहे असे लिहिले, तर परीक्षकांनी हरकत घेतली. का? (एम.फिल. झालेले शिक्षक, कोल्हापूर)

परीक्षकांचे बरोबर आहे. एक चाचणी सार्थक आणि दुसरी नाही, एवढ्याने त्या दोहोंतील फरक सार्थक ठरत नाही. समजा, ५० मुलींत सहसंबंध .३२ (पी = .०२४) आणि ५० मुलांत .२४ (पी = .०९३) आहे. दोन्ही सहसंबंधांची थेट तुलना केली तर झेड (या तुलनेच्या चाचणीचा आकडा) = ०.४२, पी = .६७ येतो, म्हणजे मुली आणि मुले यांत फरक असल्याचा पुरावा जवळजवळ नाहीच. ही चूक फार वरच्या पातळीवरही होते. २०११ मध्ये मेंदूविज्ञानातील ५१३ लेख तपासले गेले, तेव्हा अशी तुलना करण्याचा प्रसंग आलेल्या १५७ लेखांपैकी ७९ लेखांत, म्हणजे निम्म्यांहून अधिक ठिकाणी, हाच दोष सापडला. फरकाचा दावा करायचा असेल तर फरकाचीच चाचणी करावी आणि तिचाच आकडा छापावा. प्रयोग असेल तर आंतरक्रियेची (एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकानुसार बदलतो का, याची) चाचणी, सहसंबंध असतील तर त्यांच्यातील तुलना.

प्रश्न : माझ्या एकाही परिकल्पनेला पाठिंबा मिळाला नाही. ‘शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येतो’ असे लिहावे लागले. एवढे श्रम वाया गेले असे वाटते. हा प्रबंध कोणी स्वीकारील का? (विद्यार्थिनी, पणजी)

श्रम वाया गेलेले नाहीत, पण ते वाक्य मात्र बदलावे. पुरावा न मिळणे आणि काही नसल्याचा पुरावा मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘शून्य परिकल्पना नाकारता आली नाही’ एवढेच आपण म्हणू शकता, आणि ती का नाकारता आली नसावी हे ठरवण्यासाठी नमुन्याकडे पाहावे लागते. दोन गटांतील खरा फरक डी = ०.५ एवढा, म्हणजे चांगला लक्षणीय असेल, तरी प्रत्येकी ३० जणांच्या अभ्यासात तो सार्थक म्हणून पकडला जाण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी असते. ती ८०% हवी असेल तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. याला संशोधक ‘पॉवर’ म्हणतात. कोहेन यांनी १९६२ मध्येच या उणिवेकडे लक्ष वेधले होते आणि तरीही आपल्याकडे ‘३० चा नमुना पुरेसा’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मार्गदर्शकांनी विषय मंजूर करतानाच हा हिशेब मागावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुलांनी वर्षभर खपून केलेला अभ्यास पहिल्या दिवसापासूनच कमकुवत असणे हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

आपला विश्वास अंतराल आता पाहा. तो शून्याच्या दोन्ही बाजूंना दूरवर पसरला असेल, तर अभ्यासातून ठाम उत्तर मिळाले नाही, असे सरळ लिहावे. तो शून्याभोवती अरुंद असेल आणि व्यवहारात महत्त्वाचा ठरेल असा सर्वांत लहान फरकही त्याच्या बाहेर पडत असेल, तर आपल्याकडे खरोखरच सांगण्यासारखा निष्कर्ष आहे : परिणाम असलाच तर नगण्य आहे. यासाठी समतुल्यतेची चाचणी उपलब्ध आहे, मात्र तो ‘सर्वांत लहान महत्त्वाचा फरक’ कोणता हे कारणासह सांगावे लागते.

नकारात्मक निष्कर्षाचे मोल किती असते, याचे एक उदाहरण देतो. संयम वापरला की तो काही काळ खर्ची पडतो, ही कल्पना १९९८ मधील एका गाजलेल्या प्रयोगापासून रूढ झाली. त्यात भुकेल्या विद्यार्थ्यांपुढे ताजी चॉकलेट बिस्किटे ठेवून त्यांतील काहींना त्याऐवजी मुळा ही भाजी खायला सांगितले होते. पुढे या कल्पनेवर शेकडो लेख झाले. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून, आधी ठरवलेल्या एकाच पद्धतीने, दोन हजारांहून अधिक प्रयुक्तांवर तिची तपासणी केली, तेव्हा डी फक्त ०.०४ आला आणि विश्वास अंतरालात शून्य होते. त्या पद्धतीवरून वाद झाले आणि होत राहतील, पण त्या क्षेत्राला पुढे नेणाऱ्या अभ्यासांत या ‘अयशस्वी’ अभ्यासाची गणना होते. काही नियतकालिके आता निष्कर्ष येण्यापूर्वीच, केवळ प्रश्न आणि पद्धत पाहून लेख स्वीकारतात. २०२१ च्या एका तुलनेत असे दिसले की, नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या लेखांपैकी ९६% लेखांत पहिल्या परिकल्पनेला पाठिंबा मिळालेला असतो आणि आधी स्वीकारलेल्या लेखांत हे प्रमाण ४४% असते. परिकल्पना फसणे इतके सामान्य आहे. आपला प्रबंध स्वीकारला न जाण्याचे कोणतेही शास्त्रीय कारण मला दिसत नाही.

प्रश्न : लघुप्रबंध तपासताना आकडे बरोबर आहेत की नाहीत हे मूळ माहिती हाती नसताना कसे ओळखावे? (महाविद्यालयीन शिक्षिका, सोलापूर)

बरेच काही छापील पानावरूनच ओळखता येते. टी, स्वाधीनता मात्रा आणि पी हे तिन्ही दिलेले असतील तर पहिल्या दोहोंवरून तिसरा पुन्हा काढता येतो. हेच काम करणारी ‘स्टॅटचेक’ ही विनामूल्य संगणकप्रणाली नेदरलँड्समधील संशोधकांनी तयार केली आणि १९८५ ते २०१३ या काळातील आठ प्रमुख मानसशास्त्रीय नियतकालिकांवर चालवून पाहिली. सुमारे निम्म्या लेखांत किमान एक पी विसंगत निघाला, आणि दर आठ लेखांमागे एका लेखात ही विसंगती सार्थकतेचा निर्णयच बदलू शकेल एवढी होती. ही प्रणाली एपीएच्या ठरावीक मांडणीत लिहिलेले आकडेच वाचू शकते, म्हणून विद्यार्थ्यांकडून त्या मांडणीचा आग्रह धरणे हा निव्वळ औपचारिकपणा नाही.

दुसरी तपासणी निक ब्राउन आणि जेम्स हीदर्स यांनी सुचवलेली आहे आणि तिला कागद-पेन पुरते. समजा, २५ विद्यार्थ्यांनी एका प्रश्नाला १ ते ७ यांपैकी पूर्णांकात गुण दिले आणि मध्यमान ३.४७ छापले आहे. गुणांची बेरीज पूर्णांकच असणार. ८६ ला २५ ने भागले तर ३.४४ येतात, ८७ ला भागले तर ३.४८. म्हणजे २५ जणांत ३.४७ हे मध्यमान येऊच शकत नाही. नमुना शंभरापेक्षा लहान आणि मध्यमान दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असेल तेव्हा ही युक्ती चालते. अनेक प्रश्नांची सरासरी घेतलेली असेल तर प्रश्नांच्या संख्येनेही गुणावे लागते. तसेच १ ते ७ च्या श्रेणीवर प्रमाण विचलन ३ पेक्षा फारसे मोठे होऊ शकत नाही, हेही नजरेत असू द्यावे. विसंगती आढळली म्हणजे लबाडी झाली असे समजू नये. काहींनी तो प्रश्न सोडून दिला असेल आणि संख्या बदलली असेल, किंवा टंकनात चूक झाली असेल. विद्यार्थ्याला शांतपणे विचारावे आणि मूळ नोंदी मागाव्यात.

मूळ नोंदी आणि विश्लेषणाची फाइल लघुप्रबंधासोबतच जमा करण्याचा नियम विभागाने केला तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. एसपीएसएसचा परवाना महाविद्यालयाला परवडत नसेल, तर अॅमस्टरडॅम विद्यापीठात विकसित झालेली ‘जॅस्प’ आणि तिच्यासारखीच ‘जामोवी’ या दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत, साध्या संगणकावर चालतात, आणि परिणामाचे आकारमान व विश्वास अंतराल त्यांत एका खुणेसरशी मिळतात. जॅस्पच्या फाइलमध्ये नोंदी आणि निष्कर्ष एकत्रच साठवले जात असल्यामुळे परीक्षकाला ती उघडून प्रत्येक तक्ता कोणत्या नोंदींवरून आला ते लगेच पाहता येते.